पोलिसाचे स्मारक बागेत: जागा, परवानगी, मजकूर आणि देखभाल

कर्तव्यावर असताना पोलीस मारला गेला की पहिल्या आठवड्यातच घोषणा होतात. कुटुंबाला मदत, वारसाला नोकरी आणि स्मारक. पहिल्या दोन गोष्टींचे नियम ठरलेले आहेत, कागद कुठून कुठे जायचा हे कारकुनाला तोंडपाठ असते. स्मारकाचे तसे नाही. ते कुठे उभे राहणार, जागा कोणाच्या मालकीची, त्यावर काय लिहायचे आणि दहा वर्षांनी त्याच्यावरची धूळ कोण झटकणार, यांतले काहीच घोषणेत नसते. मग कोणीतरी सुचवते, 'आपल्या बागेत करू या.' सूचना चांगली आहे. पण बागेत स्मारक करणे दिसते तितके सोपे नाही, आणि जिथे ते नीट झाले तिथे काय केले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

गिरगाव चौपाटी, मध्यरात्रीनंतर

सुरुवात मुंबईतल्याच उदाहरणाने करू. तुकाराम गोपाळ ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले, गाव केडंबे. आधी लष्करात, सिग्नल विभागात नोकरी केली आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक होते. पोलिसांच्या बोलीत सहाय्यक फौजदार.

त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून, कामा रुग्णालयाशेजारच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांचा बळी घेऊन दोन अतिरेकी निघाले होते. वाटेत त्यांनी एक स्कोडा गाडी हिसकावली आणि मरीन ड्राइव्हने ते चौपाटीकडे आले. तिथे नाकाबंदी होती. मध्यरात्र उलटून गेली होती. अडथळे पाहून गाडी थांबली, वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. चालवणारा अबू इस्माईल पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. दुसऱ्या बाजूने अजमल कसाब उतरला. लाठी घेऊन उभ्या असलेल्या ओंबळे यांनी त्याच्या एके-४७ ची नळी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, पण पकड सुटली नाही, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी कसाबला पाडले. संजय गोविलकर हे अधिकारीही जखमी झाले.

या काही क्षणांचे मोल नंतर कळले. अतिरेक्यांकडे हैदराबादच्या महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती. हल्ला करणारे दहाही जण मारले गेले असते, तर ते कोण, कुठून आले, कोणी पाठवले, यावर वर्षानुवर्षे घोळ घालता आला असता. एक जण जिवंत हाती लागला म्हणून उघड न्यायालयात खटला चालला. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

एक माणूस, तीन ठिकाणे

ओंबळे यांची आठवण तीन वेगवेगळ्या जागी जपलेली आहे, आणि प्रत्येक जागेची गोष्ट वेगळी आहे.

पहिली जागा घटनास्थळाची. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. लोकमान्य टिळकांवर १९२० मध्ये याच चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले आणि त्यांचाही पुतळा इथेच आहे, त्यामुळे या वाळूला स्मारकांची सवय आहे. संध्याकाळी भेळ खायला आलेला, समुद्र बघायला आलेला, गणपती विसर्जनाला आलेला माणूस ओंबळे यांच्या पुतळ्यासमोरून जातो. त्याला तिथे मुद्दाम यावे लागत नाही.

दुसरी जागा सगळ्यांच्या एकत्रित स्मारकाची. २६/११ च्या हल्ल्यात सुरक्षा दलांचे १८ जण गेले. मुंबई पोलिसांनी त्यांचे स्मारक मरीन ड्राइव्हवर पोलीस जिमखान्यात केले. दरवर्षी तिथे मानवंदना व्हायची, नातेवाईक यायचे, मंत्री पुष्पचक्र वाहायचे. पुढे सागरी किनारा रस्त्याचे काम निघाले आणि ते स्मारक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारात हलवावे लागले. आता मानवंदना तिथे होते. आयुक्तालय ही पोलिसांसाठी मानाची जागा आहे, यात शंका नाही. पण मरीन ड्राइव्हवर फिरायला येणारा माणूस आयुक्तालयाच्या फाटकातून आत जात नाही. ठेकेदाराचे वेळापत्रक आणि रस्त्याची आखणी यांच्यापुढे स्मारकाचे फारसे चालत नाही, हे यातून दिसते.

तिसरी जागा गावाची. केडंबे इथे स्मारक उभारण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. गावात स्मारक होण्याला स्वतःचा अर्थ आहे. ज्या घरातून पोरगा शिकून फौजेत गेला, तिथल्या पुढच्या पोरांना ते दिसते.

जाता जाता एक चौथी नोंद. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला अभ्यासकांनी २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. त्याला ना परवानगी लागली, ना चौथरा. आणि ते कोणत्याही रस्त्यासाठी हलवता येणार नाही.

लंडन: जिथे पडली, तिथेच

पोलिसाचे स्मारक नेमके घटनास्थळी करण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजली, ती एका तरुण पोलीस महिलेमुळे. १७ एप्रिल १९८४ रोजी लंडनच्या सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये लिबियाच्या वकिलातीसमोर तिथला हुकूमशहा गडाफी याच्याविरोधात निदर्शने चालू होती. बंदोबस्ताला असलेल्या इव्हॉन फ्लेचर या २५ वर्षांच्या पोलीस शिपाई महिलेला वकिलातीच्या खिडकीतून झाडलेली गोळी लागली. त्या वाचल्या नाहीत. अकरा दिवस पोलिसांनी इमारतीला वेढा घातला आणि शेवटी आतल्या सगळ्यांना राजनैतिक संरक्षण असल्यामुळे देशाबाहेर जाऊ द्यावे लागले.

लोकांचा संताप झाला. तेव्हा मायकेल विनर नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाने 'द टाइम्स'ला पत्र लिहिले. सैनिकांची स्मारके गावोगाव असतात, मग पोलिसांची का नाहीत, असा त्याचा मुद्दा होता. पत्र वाचून लोक पैसे पाठवू लागले आणि ३ मे १९८४ रोजी, म्हणजे फ्लेचर गेल्यानंतर पंधरवड्याभरात, 'पोलीस मेमोरियल ट्रस्ट' स्थापन झाला. १ फेब्रुवारी १९८५ रोजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी स्मारकाचे अनावरण केले, तेव्हा विरोधी पक्षांचे नेतेही हजर होते. मधल्या बागेला वळसा घालणाऱ्या पदपथावरचा तो एक छोटासा दगड आहे. पुतळा नाही, तोफ नाही, कारंजे नाही. नाव आणि ती इथे पडली एवढीच माहिती. येणारेजाणारे तिथे फुले ठेवतात.

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे सरकारच्या घोषणेने नव्हे, तर नागरिकांच्या वर्गणीने हे झाले. दुसरी अशी की स्मारक झाले, पण न्याय झाला नव्हता. फौजदारी खटल्यात आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या जॉन मरे या सहकाऱ्याने अनेक वर्षांनी दिवाणी दावा लावला, भरपाई मागितली फक्त एक पौंड. नोव्हेंबर २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने लिबियाच्या एका माजी अधिकाऱ्याला या हत्येसाठी संयुक्तपणे जबाबदार ठरवले. गोळीबारापासून ३७ वर्षांनी. तोवर तो दगड तिथेच होता, प्रकरण बंद झालेले नाही याची आठवण करून देत.

त्याच ट्रस्टने पुढे ब्रिटनभर अशी छोटी स्मारके बसवली आणि अखेर सगळ्यांसाठी एक राष्ट्रीय स्मारकही केले. ते लंडनच्या सेंट जेम्स पार्कच्या कडेला आहे. २६ एप्रिल २००५ रोजी राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर आणि डेन्मार्कचे कलावंत पेर आर्नोल्डी यांचे हे काम. यातली जागेची युक्ती आपल्या महापालिकांनी शिकण्यासारखी आहे. तिथे आधीपासूनच भुयारी रेल्वेचा हवा खेळवणारा शाफ्ट होता. त्याला काळ्या दगडाच्या भिंतीत घेतले, भिंतीवर वेल चढवले आणि काचेआड नावांचे पुस्तक ठेवले. समोर पाण्यात काचेचा स्तंभ आहे, पोलीस ठाण्याबाहेरच्या निळ्या दिव्याची खूण म्हणून. बागेची नवी जमीन जवळजवळ घेतलीच नाही.

शिकागो आणि चौरीचौरा: दगडही अस्वस्थ होतात

सगळ्या पोलीस स्मारकांचे इतके बरे चालत नाही. पोलीस ज्या प्रसंगात गेले, त्या प्रसंगावरच समाजात दोन मते असतील, तर स्मारक वादात ओढले जाते.

४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी सभा होती. बॉम्ब पडला, गोळीबार झाला, पोलीस मेले आणि कामगारही मेले. जगभर पाळला जाणारा १ मेचा कामगार दिन या घटनेशी जोडलेला आहे. १८८९ मध्ये त्या चौकात हात उंचावलेल्या पोलिसाचा पुतळा बसवला गेला. कामगारांना तो आपल्याविरुद्ध उचललेला हात वाटला. ४ मे १९२७ रोजी, म्हणजे घटनेच्या वर्षदिनीच, एक ट्राम रुळांवरून घसरून त्याच्यावर आदळली. चालकाला त्या उचललेल्या हाताचा कंटाळा आला होता, अशी आख्यायिका आहे. मग पुतळा युनियन पार्क या बागेत गेला. पुढे तो मूळ चौकाजवळ परत आला, तर ऑक्टोबर १९६९ मध्ये स्फोटाने उडवला गेला. दुरुस्त करून बसवला, तर बरोबर वर्षाने पुन्हा उडवला. अखेर तो पोलिसांच्या आवारात नेला आणि आजही तो पोलीस मुख्यालयापाशीच आहे. लोकांच्या चौकातून पोलिसांच्या फाटकाआड असा त्याचा प्रवास झाला.

आपल्याकडचे उदाहरण गोरखपूरजवळच्या चौरीचौऱ्याचे. फेब्रुवारी १९२२ मध्ये जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि वीसहून जास्त पोलीस मेले. गांधीजींनी असहकार आंदोलन मागे घेतले ते याच घटनेमुळे. ब्रिटिश सरकारने मेलेल्या पोलिसांचे स्मारक उभारले. स्वातंत्र्यानंतर त्यावरचा मूळ मजकूर गेला आणि 'जय हिंद' ही अक्षरे आली. त्या प्रकरणात फाशी गेलेल्या १९ जणांचे मोठे स्मारक नंतर जवळच झाले. मेलेले शिपाईही भारतीयच होते, बहुतेक गरीब घरांतले. दोन्ही स्मारके एका गावात आहेत आणि दोन्ही खरी आहेत, असे म्हणायला आपल्याला वेळ लागतो.

गडचिरोलीत तर स्मारके हा लढाईचाच भाग आहे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलीस गेले. नक्षलवादीही मेलेल्या साथीदारांची लाल रंगाची स्मारके गावांत बांधत आले आणि पोलीस ती पाडत आले. कोणाचा दगड गावात टिकतो, यावर गाव कोणाचे हे ठरते, असे दोन्ही बाजू मानतात.

मैदानातली मानवंदना

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृती दिन पाळला जातो. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे, सुमारे १६ हजार फूट उंचीवर, चिनी सैनिकांनी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकडीवर हल्ला केला. दहा जवान गेले. मृतदेह चीनने परत दिले ते नोव्हेंबरच्या मध्याला. त्यानंतरच्या जानेवारीत पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस ठरवला. वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचली जातात. मुंबईत हा कार्यक्रम नायगावच्या पोलीस मैदानात होतो. बिगुल वाजतो, बंदुका उलट्या धरल्या जातात, नावांची यादी संपायला बराच वेळ लागतो. ऐकणारे मात्र बहुतेक गणवेशातलेच असतात.

दिल्लीत चाणक्यपुरीत २०१८ मध्ये याच तारखेला राष्ट्रीय पोलीस स्मारक खुले झाले. एकाच काळ्या ग्रॅनाइटमधले तीस फूट उंच आणि २३८ टन वजनाचे शिल्प, शिल्पकार अद्वैत गडनायक. शौर्यभिंतीवर तेव्हा ३४,८४४ नावे होती. याच जागी आधी एका उंच पोलादी रचनेचे काम सुरू झाले होते, ते दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या वादानंतर २००८ मध्ये उतरवावे लागले. राष्ट्रीय स्मारकालाही जागेचे आणि उंचीचे नियम चुकले नाहीत, तर नगरपालिकेच्या बागेतल्या स्मारकाला ते कसे चुकतील?

माझे मत असे की राष्ट्रीय स्मारक आणि मैदानातली मानवंदना हवीच, पण त्याने काम पुरे होत नाही. पोलीस मारला जातो तो बहुतेक वेळा रस्त्यावर, नाक्यावर, वस्तीत, म्हणजे लोकांच्या मधोमध. त्याचे स्मारक फाटकाआड गेले की ते खात्याचे दुःख होते. बागेत असले की मोहल्ल्याचे होते. शिपायाला आपण एरवी चलन फाडताना किंवा मोर्चा अडवताना पाहतो. तोही आपल्यातलाच आहे, हे सांगायला बाकावर बसलेल्या आजोबांसारखा आणि झोपाळ्यावरच्या मुलासारखा श्रोता दुसरीकडे मिळणार नाही.

बाग म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे

तरीही बाग ही स्मारकासाठी राखून ठेवलेली जमीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे दोन निकालांत ठणकावून सांगितले आहे. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली होती, ते वाटप १९९१ मध्ये न्यायालयाने रद्द केले. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायला पालिकेने बिल्डरला परवानगी दिली होती. १९९९ मध्ये न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला लावली. बाग पालिकेच्या ताब्यात असली तरी ती तिची मालमत्ता नसून लोकांची ठेव आहे, असा या निकालांचा रोख होता.

१८ जानेवारी २०१३ चा आदेश याहून थेट आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या इतर जागांवर पुतळा किंवा बांधकाम यांना राज्यांनी परवानगी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. केरळमधल्या एका पुतळ्याच्या वादातून तो निघाला. रस्त्याच्या मधोमध पुतळा नको, हे उघडच आहे. बाग 'सार्वजनिक उपयोगाच्या जागेत' कितपत येते, यावर मात्र वकील भांडू शकतात. म्हणून प्रस्ताव करतानाच पालिकेच्या विधी खात्याचे मत घेऊन ठेवावे. पुतळा झाकून ठेवून तारखा मोजत बसण्यापेक्षा ते बरे.

परवानगी कशी मिळते

बागेला नाव द्यायचे असेल तर काम सोपे आहे. महापालिका किंवा नगरपरिषदेत ठराव होतो, फलक लागतो. पुतळ्याचे तसे नसते. महाराष्ट्रात पुतळ्यांसाठी शासनाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, २०१७ च्या शासन निर्णयात ती दिली आहेत. जागा कोणाची याचे कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, वाहतुकीला अडथळा नसल्याचे आणि कायदा-सुव्यवस्थेचे ना-हरकत, जिल्हाधिकाऱ्यांकडची छाननी, खर्च आणि देखभाल यांची हमी, असे सगळे लागते. शिवाय पुतळ्याचा मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. चेहरा ओळखता येतो का, प्रमाण बरोबर आहे का, हे तिथे पाहतात.

हा शेवटचा टप्पा किती नाजूक आहे ते मालवणने दाखवले. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. तेव्हा कला संचालनालयाकडून सांगण्यात आले की मंजुरी सहा फुटी नमुन्याला दिली होती. नमुन्याची मंजुरी म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची मंजुरी नव्हे. बागेतला पुतळा लहान असला तरी त्याच्या पायाचे आणि आतल्या लोखंडाचे गणित संरचना अभियंत्याकडून वेगळे तपासून घ्यायला हवे. समुद्राजवळ तर नक्कीच, खारा वारा लोखंड खातो.

पुतळाच हवा का?

आपल्याकडे स्मारक म्हटले की चौथरा, अर्धपुतळा, साखळ्यांचे कुंपण आणि कुलूप. वर्षातून एकदा कुलूप उघडते, हार चढतो, फोटो निघतात. बाकीचे ३६४ दिवस त्या चौथऱ्याकडे कोणी फिरकत नाही. गिरगावात पुतळा शोभतो, कारण तिथे काय घडले हे सगळ्या देशाला माहीत आहे. प्रत्येक बागेत तसे असेलच असे नाही.

बागेला बाक लागतो, सावली लागते, पाणी लागते. मग दगडी बाक करा, त्याच्या पाठीवर नाव कोरा. जुन्या वडाचा किंवा पिंपळाचा पार असेल तर पारालाच फलक बसवा. चालण्याच्या वाटेच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर, थांबून वाचता येईल असा शिलालेख ठेवा. जिथे पुढेही नावे वाढण्याची शक्यता आहे, तिथे रचना आधीपासून तशी हवी. वॉशिंग्टनमध्ये जुडिशियरी स्क्वेअरला १९९१ मध्ये झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात नावे वर्षांच्या क्रमाने कोरलेली नाहीत, त्यामुळे नवे नाव कुठेही बसते आणि दरवर्षी बसवले जाते. आपल्या गावात ती वेळ येऊ नये, पण जागा ठेवण्यात गैर काही नाही.

फलकावर काय लिहावे

फलकावरची सर्वांत मोठी अक्षरे उद्घाटकाची असतात, ही आपली जुनी खोड. आमदार, महापौर, आयुक्त, सभापती, मग 'यांच्या शुभहस्ते', आणि ज्याच्यासाठी हे सगळे, तो तळाशी. हे उलटे करायला हवे. पोलिसाचे पूर्ण नाव, हुद्दा, ठाणे, जन्मगाव, तारीख आणि घटना. घटनेची तीन-चार साधी वाक्ये असावीत, विशेषणे नकोत. 'देशासाठी प्राणांची आहुती' हे वाचून दहा वर्षांच्या मुलाला काहीच कळत नाही. 'हातात फक्त लाठी असताना त्यांनी बंदुकीची नळी धरली' हे वाचले की तो आईला प्रश्न विचारतो.

मजकूर देवनागरीत हवाच, बरोबर त्या वस्तीत वाचली जाणारी दुसरी भाषाही हवी. खटला चालू असेल तर आरोपीविषयी एक अक्षरही लिहू नये. घरच्यांना मजकूर आधी दाखवावा. त्यांना नको असेल ते गाळावे, कारण त्या बागेत कदाचित त्यांनाच सर्वांत जास्त वेळा यायचे असते.

पैसे आणि झाडू

बांधकामाला निधी मिळतो, आमदार निधीतून, पालिकेच्या तरतुदीतून किंवा वर्गणीतून. देखभालीला मिळत नाही. पितळी अक्षरे चोरीला जातात, ग्रॅनाइटवर पानाच्या पिचकाऱ्या पडतात, दिवा जातो तो जातोच. पालिकेच्या उद्यान खात्याला विचारले तर स्मारक बांधकाम खात्याचे, बांधकाम खात्याला विचारले तर बाग उद्यान खात्याची. म्हणून ठरावातच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: देखभाल कोणते खाते करणार, त्यासाठी दरवर्षी किती रक्कम ठेवणार, आणि बागेचा किंवा रस्त्याचा आराखडा बदलला तर स्मारक कुठे जाणार. मरीन ड्राइव्हवरच्या स्मारकाचे जे झाले, त्यानंतर तिसरा मुद्दा वगळण्याचे कारण उरलेले नाही. जवळच्या शाळेला वर्षातून एकदा स्वच्छतेची जबाबदारी दिली तर उत्तम. पण ती खात्याच्या जबाबदारीच्या जागी नव्हे, जोडीला.

तुमच्या प्रभागात असा प्रस्ताव आला असेल, तर अनावरणाच्या पत्रिकेची वाट पाहू नका. ठरावाची प्रत आत्ताच मागा, या तीन गोष्टी त्यात आहेत का ते पाहा, आणि नसतील तर लेखी हरकत नोंदवा.